अर्ध्या दिवसाचा इतिहास

प्रस्तावना

भूमध्य समुद्रातून प्रवास करणारे जहाज सकाळी बंदराला लागते आणि सायंकाळी पुढे निघते. मधल्या काही तासांत प्रवासी पिरेअस बंदरातून अथेन्सला जातात आणि ॲक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर पाहून परततात. वेळ थोडा असल्यामुळे काय पाहावे, हे त्यांना आधीच ठरवावे लागते. हीच दृष्टी घराजवळचे ऐतिहासिक स्थळ पाहतानाही उपयोगी पडते. ती कशी, हे या पाठात पाहू.

मूळ पाठ

भिलाई ही पोलादाची नगरी. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला व १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नव्या नगरीला इतिहास कुठला, असे अनेकांना वाटते. प्राचीन वास्तू पाहायच्या तर दूरच जायला हवे, हा समज त्यातूनच निर्माण होतो.

परंतु भिलाई-३ व चरोदा यांच्या लगतच देवबलोदा हे गाव आहे. तेथील शिवमंदिर कलचुरी राजवटीच्या काळातील असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. बाह्य भिंतींवर हत्तींच्या रांगा, शिकारीचे प्रसंग आणि देवदेवतांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. मंडपातून काही पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते. शेजारी कुंड आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते.

या मंदिराला शिखर नाही. त्याविषयी एक दंतकथा सांगितली जाते. शिल्पकार विवस्त्र होऊन एकाग्रतेने काम करीत असे. त्याची पत्नी रोज भोजन आणी. एके दिवशी पत्नीऐवजी बहीण आली. लज्जेने शिल्पकाराने कुंडात उडी घेतली आणि शिखर अपुरे राहिले.

पार्थेनॉनचेही छत आज नाही. त्याचे कारण मात्र इतिहासात नोंदलेले आहे. १६८७ साली व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आतील तुर्की दारूगोळ्यावर पडला आणि स्फोटात वास्तू उद्ध्वस्त झाली. एका ठिकाणी नोंद बोलते, दुसऱ्या ठिकाणी लोकमानस. दंतकथेतून काळ ठरवता येत नाही. पण आपल्या गावच्या मंदिराविषयी लोकांना वाटणारी आत्मीयता तिच्यातून कळते. जाणकार प्रेक्षक दोन्ही ऐकतो, पण दोहोंची गल्लत करीत नाही.

पार्थेनॉन तोफेने भंगले. आपल्याकडील अनेक शिल्पे मात्र खिळ्याने कोरलेल्या नावांनी आणि थापलेल्या शेंदराने विद्रूप होतात. संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तथापि केवळ कायद्याने दगड सुरक्षित राहत नाही. जे माणसाने नीट पाहिले, त्याचीच तो काळजी घेतो. त्यासाठी भिलाईकराला जहाजाची नव्हे, अर्ध्या दिवसाच्या सवडीची गरज आहे.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोहखनिज वितळवून लोखंड तयार करण्याची भट्टी
दंतकथा – तोंडोतोंडी चालत आलेली कथा
लोकमानस – सामान्य लोकांचे मन

स्वाध्याय

१. ऐतिहासिक नोंद आणि दंतकथा यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'जे माणसाने नीट पाहिले, त्याचीच तो काळजी घेतो', या विधानाचा आशय लिहा.
३. तुमच्या परिसरातील एका जुन्या वास्तूला भेट देऊन दहा ओळींत तिचे वर्णन करा.