ट्रान्सप्लांटचं नाव निघालं म्हणून

अगं, डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचं नाव काढलं म्हणजे सगळं संपलं, असं धरून बसू नकोस. इतकी वर्षं कार्डिॲक वॉर्डात ड्युटी केली, त्यावरून सांगते, लोक येतात ते उशिरा. तोवर किडनी-लिव्हर थकलेलं असतं. फुप्फुसांतला दाब वाढून तसाच राहिला तर नवं हृदयही त्याच्यापुढे टिकाव धरत नाही. म्हणून तुझा नवरा हिंडता-फिरता आहे तोवरच सगळ्या तपासण्या करून घ्या. तपासण्या केल्या म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नसतं.

इकोत पंपिंग 20 टक्के आलंय, निरोगी माणसाचं 55 ते 70 असतं, हे खरं. पण नुसत्या आकड्यावर कुणी ट्रान्सप्लांट ठरवत नाही. औषधं पुरेशा डोसवर आणली, की काहींचं पंपिंग चांगलं सुधारतं. उलट बीपी इतकं खाली जायला लागलं की औषधंच सोसत नाहीत, किंवा पुन्हा पुन्हा ॲडमिट करावं लागलं, तर थांबू नये. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी त्यांचं वजन कर आणि वहीत लिही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं. एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशा मागायला लागला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लाव.

‘कुणीतरी जाण्याची वाट बघायची का?’ असं तू विचारलंस. नाही गं. तो माणूस ब्रेन डेड झालेला असतो, तुमचं नाव यादीत असो वा नसो. त्याच्या घरचे त्या दुःखातही हो म्हणतात, तेव्हाच हृदय मिळतं. रक्तगट, शरीराची चण, कुणाला जास्त निकड, हे सगळं पाहिलं जातं. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून यादीत नाव गेल्यावर लांब गावी जायचं नाही आणि फोन बंद ठेवायचा नाही. तोवर तब्येत फारच ढासळली, तर एलव्हॅड नावाचा पंपही बसवतात. तो महाग आहे, पण विचारून ठेव.

नंतरचंही ऐक. नव्या हृदयाच्या नसा जोडता येत नाहीत. त्यामुळे बसल्या जागीही ठोके नव्वद-शंभराच्या घरात राहतात, जिना चढताना सावकाश वाढतात. पुढे कधी अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. टॅक्रोलिमसची गोळी जन्मभर, घड्याळ लावून. ग्रेपफ्रूट बंद, रस्त्यावरचा उसाचा रसही बंद.

1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. सेन यांनी हे ऑपरेशन केलं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला होता. आता निम्म्याहून जास्त लोक दहा वर्षं ओलांडतात. खर्चासाठी हॉस्पिटलातल्या सोशल वर्करला आजच भेट, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज तेच भरून घेतात. जुने इकोचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव, रविवारी मी येतेच.