स्पीकरचा आवाज फाटला, तर दुरुस्तीला किती पडतील?

स्पीकर बिघडला की आपण तो उचलून थेट दुकानात नेतो, आणि खर्च वाढतो तो तिथेच. "आवाज येत नाही" एवढंच सांगितलं, तर समोरून "ठेवून जा, बघतो" हेच उत्तर येणार आणि दोन दिवसांनी तो सांगेल तो आकडा द्यावा लागणार. "डावा वूफर मीटरवर ओपन दाखवतोय, ट्विटर चालू आहे" असं सांगता आलं, की बोलणं लगेच दरावर येतं. तेवढी तपासणी घरच्या घरी होते. खाली दिलेले भाव मुंबई-पुण्याकडचे, ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडते, पण सामान मागवायला चार दिवस जातात.

सुरुवात वायरींपासून करा. ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदला. तोच डबा गप्प राहिला, तर दोष डब्यात किंवा त्याच्या वायरीत. आता दुसरा डबा गप्प झाला, तर स्पीकर ठणठणीत आहेत, गडबड ॲम्प्लिफायरची. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल, तर ती बहुधा आत धूळ बसलेल्या कंट्रोलची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून भागलं तर १०० ते २०० रुपये, कंट्रोल बदलावा लागला तर मजुरीसकट ३०० च्या आसपास. अशा खरखरीसाठी "स्पीकर बदलावा लागेल" असं कोणी म्हणालं, तर डबा उचलून घरी या.

दोष डब्यातच असेल, तर २००-३०० रुपयांचा साधा मल्टिमीटर कामाला येतो. वूफरच्या दोन टोकांवर तो लावा. ८ ओहमचा वूफर सहा-साडेसहा दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. छापील आकड्यापेक्षा रीडिंग थोडं कमी येणं हा बिघाड नव्हे. काहीच दाखवलं नाही, तर कॉइल तुटली आहे किंवा कोनपासून टर्मिनलपर्यंत येणारी वेणीसारखी बारीक वायर तुटली आहे. ही वायर सतत हलत असते, म्हणून बरेचदा तीच जाते, आणि ते काम १०० ते १५० रुपयांचं असतं. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरला क्षणभर टेकवा. 'टक' असा आवाज होऊन कोन हलला, तर कॉइल जिवंत आहे. डब्याच्या मागच्या टर्मिनलवर मीटर लावून ट्विटरची परीक्षा मात्र होत नाही. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे तिथे फक्त वूफर दिसतो.

पंधरा-वीस वर्षांचा जुना, चांगल्या कंपनीचा सेट असेल, तर आधी जाळी काढून कोनच्या कडेची रिंग बघा. फोमची असेल, तर ती कॉइलच्या कितीतरी आधी जाते. आपल्याकडच्या दमटपणात फोम आतून कुजतो आणि बोट लावलं की चिकट, काळपट भुगा हाताला लागतो. कोकणात आणि गोव्यात हे आणखी लवकर होतं. रिंग गेलेला वूफर बेसवर फडफडतो, आणि घरचे म्हणतात स्पीकर फाटला. प्रत्यक्षात कोन, कॉइल, मॅग्नेट सगळं शाबूत असतं. आठ इंची रिंग १०० ते ३०० रुपयांना मिळते, मजुरी धरून एका वूफरला ४०० ते ८००. रबरी रिंग जास्त टिकते, पण ती फोमपेक्षा जड असते आणि त्यामुळे बेसचा पोत बदलतो. मूळची फोमची असेल, तर मी फोमचीच बसवून घेईन.

हे काम नीट कसं होतं ते माहीत असू द्या. कारागीर जुना गोंद खरवडून काढतो, मधली टोपी उचलतो आणि कॉइलच्या भोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचतो, म्हणजे कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहते. मग रिंग चिकटवून गोंद रात्रभर वाळू देतो आणि नंतर पट्ट्या काढून टोपी लावतो. "तासाभरात देतो" म्हणणारा बहुधा या पट्ट्या घालतच नाही. म्हणून ताब्यात घेताना टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन हळूच आत दाबा. घासल्याची बारीक 'खर्र' जाणवली, तर तिथेच परत द्या. घरी स्वतः करायचं असेल, तर क्षणात कडक होणारा गोंद वापरू नका; कडा लवचीकच राहिली पाहिजे.

कॉइल जळाली असेल, तर जळक्या वार्निशचा वास येतो. आठ-दहा इंचीला कॉइल आणि नवा कोन धरून ५०० ते १,०००, बारा इंचीपासून पुढे ९०० ते २,०००. इथे फसवणूक होते ती ओहममध्ये. ८ च्या जागी ४ ची कॉइल घातली, तर आवाज मोठा येतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि महिनाभरात ॲम्प्लिफायर तापून बसतो. काम झाल्यावर मीटर लावून बघा, दुकानदार रागावला तरी. बाजारातला नवा वूफर कधीकधी दुरुस्तीच्याच भावात मिळतो. पण डबा मूळ वूफरच्या मापाने बनवलेला असतो, त्यामुळे चांगल्या सेटमध्ये तो मोह टाळावा.

ट्विटर गेला असेल, तर साधा १५० ते ५०० रुपयांत बदलून मिळतो. कधी दोष त्याच्या कपॅसिटरचा निघतो, तो २०-३० रुपयांचा. ट्विटर पुन्हा पुन्हा जळत असेल, तर छोटा ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळण्याची सवय तपासा. फाटलेला सिग्नल ट्विटरच्या बारीक कॉइलला तापवतो.

टीव्हीजवळच्या ५.१ सेटची गोष्ट निराळी. तिथे स्पीकर क्वचितच मरतात. सबवूफरच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर आणि आयसी दाटीवाटीने बसलेले असतात, मागच्या भोकातून झुरळं आत संसार थाटतात. 'हूं' असा सततचा घुमणारा आवाज आला, तर बहुधा कपॅसिटर फुगलेला असतो: मजुरीसह २०० ते ४००. एकच चॅनेल मेला, तर आयसी: ३०० ते ६००. ब्लूटूथ-यूएसबीची पट्टी बदलायला ४०० ते ७००. ट्रान्सफॉर्मर जळाला, तर ६०० ते १,२००. तीन-साडेतीन हजारांच्या सेटवर निम्म्याहून जास्त खर्च होत असेल, तर सोडून द्या. हा डबा स्वतः उघडण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि मेनची वायर आतच असते.

हातात घ्यायच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये बहुतेक वेळा बॅटरी किंवा चार्जिंगचा सॉकेट जातो. दोन्ही कामं २०० ते ५०० च्या घरातली. बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जिंग बंद करा आणि ती टोचू-दाबू नका. साउंडबारचं बोर्ड गेलं, तर कंपनीचं केंद्र सहसा सबंध बोर्ड बदलायला सांगतं, आणि तो आकडा काही हजारांत जातो. आधी चिप बघून दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, पण वॉरंटी संपली असेल तरच.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली हे सुटं सामान शोधायचे जुने पत्ते. श्रावण लागला की दुकानं मंडळांच्या मोठ्या स्पीकरांनी भरतात आणि अनंत चतुर्दशीपर्यंत घरगुती कामाला कोणी हात लावत नाही. लावला तर घाईत लावतो. शक्य असेल तर त्याआधी किंवा दिवाळीनंतर जा.

जाताना जोडीतले दोन्ही डबे न्या, म्हणजे आवाज जुळतो की नाही हे तिथेच कळतं. दुरुस्तीनंतर बेस अचानक पातळ वाटला, तर एका डब्याच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. त्या बदलून ऐका, भरदार वाटेल ती जोडणी बरोबर. तपासणीचे १०० ते ३०० रुपये दुरुस्तीच्या बिलात वळते होणार का, हे डबा ठेवण्याआधी विचारा. काढलेला भाग परत मागा. बिलावर बदललेल्या भागाचं नाव आणि किती दिवसांची हमी ते लिहून घ्या. असं बिल हातात असलं आणि दुकानदार हमी पाळत नसला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सदोष सेवेची दाद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मागता येते, पण पाचशे रुपयांच्या वूफरसाठी ग्राहक आयोगापर्यंत जाण्यापेक्षा ती हमी आधी लिहून घेणं स्वस्त पडतं.