रद्दीत गेलेल्या दोन वह्या

2013 च्या मार्चमध्ये मी सात वह्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. पाच माझ्या कथांच्या कच्च्या खर्ड्यांच्या होत्या; त्यांचं फारसं वाटत नाही. उरलेल्या दोन वह्यांत आत्यानं सांगितलेलं सगळं होतं. तिचं सासर पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती सोळा दिवसांची बाळंतीण होती. अंधारात बाळाला कांबळ्यात गुंडाळून ती कशी बाहेर पडली, थंडीच्या रात्री उघड्यावर कशा काढल्या, बाळाच्या शेकासाठी निखारे कुणी आणून दिले, हे तिनं मला दोन उन्हाळी सुट्ट्यांत सांगितलं होतं आणि मी ते तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं होतं. वह्या विकल्या तेव्हा आत्याला जाऊन वर्ष झालं होतं.

मी हे का केलं, ते नव्यानं लिहिणाऱ्यांना सांगायला हवं.

2011 साली माझी एक कथा दिवाळी अंकात आली. मी शाळेत मराठी शिकवते. तोवर चार-दोन कथा इकडेतिकडे छापून आल्या होत्या, पण या कथेवर अनोळखी वाचकांचे फोन आले, दोघांनी पत्रं लिहिली. झोप उडाली. आता आपल्याला सापडलंय, हात लावू ते होईल, असं वाटू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात चार संपादकांनी कथा मागितली आणि मी चौघांनाही हो म्हटलं. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला एक ठरलेला हंगाम आहे: जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर हवा. संपादकांचं त्यात काहीच चुकत नाही. शब्द देताना माझ्याजवळ काय शिल्लक आहे, हे मी पाहिलं नाही, चूक ती.

एका रात्री चौदा पानं लिहिली. लिहिताना अंगावर काटा येत होता. सकाळी ती पुन्हा न वाचताच कुरिअरनं पाठवली. पंधरा दिवसांनी संपादकांचा फोन आला, ‘‘बाई, कथा अजून व्हायचीय. घाई झाली.’’ दुसरी कथा मी ओढूनताणून पूर्ण केली, तीही परत आली. उरलेल्या दोघांना नाही कळवलं. नंतरचे आठ महिने रोज पहाटे पाचला बसायचे आणि सातला कोरा कागद मिटून शाळेत जायचे. हळूहळू मनानं घेतलं की आपल्याकडे काही नव्हतंच, ती एक कथा चुकून झाली. अशाच एका दुपारी रद्दीवाला दारात आला.

लिहिण्यातले चढ-उतार टळत नाहीत, हे मला आता मान्य आहे. त्यांचा मला राग नाही. राग आहे तो या गोष्टीचा की दोन्ही वेळी मी मनाची अवस्था म्हणजेच लेखनाचा निकाल असं धरून चालले. चढत्या दिवसांत शब्द देऊन बसले आणि उतरत्या दिवसांत वह्या विकल्या.

माझ्या वडिलांच्या मळ्यात विहीर होती. एप्रिलात दोन तास उपसा झाला की दादा मोटर बंद करायचे. पाणी तळाला गेल्यावरही ती चालू ठेवली, तर हवा ओढते आणि जळते. झरे पुन्हा भरायला रात्र जाऊ द्यावी लागायची. त्या पहिल्या कथेत माझी कित्येक वर्षांची साठवण गेली होती. पुढचे महिने थांबायचे होते आणि मी मोटर चालूच ठेवली.

आपण मोठ्या लेखकांच्या गोष्टीही अर्ध्याच सांगतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे मी वर्गात दरवर्षी कौतुकानं सांगत आले. पण त्या पाच दिवसांमागे बालपणापासून जपलेल्या आठवणी होत्या, हे सांगायचं राहून जायचं. वि. स. खांडेकरांचं ‘क्रौंचवध’ 1942 साली आलं. त्यानंतर सुमारे दशकभर त्यांची नवी कादंबरी नाही. ‘ययाति’ आली 1959 मध्ये. ‘गृहस्थ’ नाटक पडल्यावर विजय तेंडुलकरांनी पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी तो निश्चय पाळला असता, तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आपल्याला मिळालं नसतं. आधी या गोष्टी मला केवळ माहीत होत्या. वह्या गेल्यावर त्या कळल्या.

पुन्हा लिहायला लागले ती 2014 च्या पावसाळ्यात. तेव्हापासून प्रत्येक पानावर तारीख घालते आणि कोपऱ्यात एका शब्दात लिहिते: ‘सुरेख’, ‘जड’, ‘कंटाळा’. तीन वर्षांनी एका कथेचं पुस्तकातलं पान आणि वहीतलं पान शेजारी ठेवून पाहिलं. वाचकांनी ज्या प्रसंगाबद्दल विचारलं होतं, तो जवळपास सगळा ‘जड’ शेऱ्याच्या पानांवर होता. ‘सुरेख’ म्हणून लिहिलेलं निम्मं मी स्वतःच काढून टाकलं होतं. लिहिताना कसं वाटतं, यावरून लिहिलेलं कसं आहे ते कळत नाही. माझ्यापुरतं मी हे पुराव्यानं सांगू शकते.

म्हणून आता भारून लिहिलेलं पंधरा दिवस कुणाला दाखवत नाही, त्या दिवसांत कुठलंही आमंत्रण स्वीकारत नाही. नंतर एखाद्या साध्या सकाळी, डबे भरून झाल्यावर मोठ्यानं वाचते. जीभ अडखळते तिथे पेन्सिलीनं खूण करते. काहीच सुचत नाही तेव्हा कथेला हात लावत नाही, पण वही सोडत नाही. जुनी टिपणं उतरवते, बाजारात ऐकलेले शब्द लिहून ठेवते, कुणा म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसते. या कामाला प्रतिभा लागत नाही. आणि पुढच्या कथेचं पाणी तिथेच साठतं. जुन्या वह्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत आणि ट्रंकेची किल्ली कराडला धाकट्या बहिणीकडे. टाकायचं मनात आलंच तर आधी तिला फोन करावा लागतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. त्या आठ महिन्यांत माझं जेवण तुटलं होतं, मुलांशी बोलणं कमी झालं होतं. मी त्याला लेखकाचं दुःख समजले आणि मनात थोडा मानही दिला. तो देऊ नका. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, तर तो लेखनाचा प्रश्न राहिलेला नसतो. डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला.

आत्याचं मी पुन्हा लिहायला बसले होते. बारा पानं झाली. प्रसंग आठवतात, पण तिची बोली माझ्या कानातून निसटली आहे. बाळाला शेकताना ती निखाऱ्यांना जो शब्द वापरायची, तो काही केल्या आठवत नाही. तुमच्या घरात अशी कुणाच्या तोंडून उतरवलेली वही असेल, तर आज तिच्यावर तारीख आणि नाव घाला, पानांचे फोटो काढा आणि ते आणखी एका माणसाजवळ देऊन ठेवा.