भांगेची शेती कायदेशीर झाली आहे का?

प्रश्न : दुष्काळात तग धरणारे पीक म्हणून एक एजंट औद्योगिक भांगेचे (हेम्पचे) बियाणे देतो आहे. उत्तराखंडात परवानगी आहे, म्हणजे आपल्याकडेही चालते, असे तो म्हणतो. लावू का?
– एक शेतकरी, दहिवडी (ता. माण)

उत्तर : मुळीच लावू नका. नशा कमी असलेल्या जातीलाही कायद्यात आपोआप सूट नाही. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायदा, १९८५ नुसार विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तंतू किंवा बियांसाठी लागवडीची मुभा कलम १४ खाली सरकार देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये दिली ती त्या राज्यापुरती. तिचा आधार माणमध्ये चालत नाही.

बियाणे घेतले नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र बांधाला, उसात कोणी गांजा लावलेला दिसला तर लगेच पोलिसांना कळवा. जमीनधारकावर कायद्याने ती जबाबदारी आहे; जाणूनबुजून गप्प राहणेही गुन्हा ठरते. दुकानात मिळणारे भांगबियांचे तेल २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून मान्य आहे, पण तो लागवडीचा परवाना नव्हे.

हिरवळीच्या खताचा ताग आणि भाजीची अंबाडी ही वेगळी पिके आहेत, ती खुशाल घ्या. एजंटाकडे महाराष्ट्र शासनाचा लेखी परवाना मागा. तो दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.