सूर्य खवळला की जीपीएस का चुकतो?

सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळनंतर जीपीएसवरची होडीची खूण कधी कधी उगाच सरकते. दर वेळी दोष मशीनचाच असतो असे नाही. त्यामागचे एक कारण आज समजून घेऊ.

सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. पण त्याबाहेरचे वातावरण, म्हणजे कोरोना, दहा लाख अंशांच्याही वर! खग्रास ग्रहणात दिसते ती पांढरी झालर हीच. चुलीपासून लांब गेलो की धग कमी व्हायला हवी, इथे उलटेच. हे कोडे सोडवायला नासाने १२ ऑगस्ट २०१८ रोजी पार्कर यान सोडले. साधारण दर अकरा वर्षांनी सूर्य जास्त खवळतो. तसा तो भरात असतानाच, २४ डिसेंबर २०२४ रोजी, पार्कर त्याच्यापासून फक्त ६१ लाख किमीवरून गेले.

मग ते वितळले कसे नाही? पोदेराच्या तापलेल्या भट्टीत क्षणभर हात घातला तर निभावते, उकळत्या पाण्यात नाही. कारण हवा विरळ. कोरोना तर हवेपेक्षा कितीतरी विरळ. शिवाय पुढे ११.४ सेंमी जाडीची कार्बनची ढाल आहे.

आपल्या इस्रोचे आदित्य-एल१ यानही जानेवारी २०२४ पासून, पृथ्वीपासून १५ लाख किमीवरून, सूर्यावर नजर ठेवून आहे. सूर्याने फेकलेला तप्त वायूचा ढग इथे पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तो निघतानाच दिसला तर सावध व्हायला वेळ मिळतो.

याचा जीपीएसशी संबंध काय? उपग्रहाचा सिग्नल आकाशातल्या विद्युतभारित थरातून खाली येतो. तो थर ढवळला की सिग्नल उशिरा पोचतो किंवा तुटतो. मे २०२४ च्या सौरवादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडले. आपण तर विषुववृत्तापासून फार लांब नाही. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, मोठे वादळ नसतानाही, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत हा थर जास्त ढवळतो.

म्हणून तांडेलांना आमचे सांगणे:
• होकायंत्र चालू स्थितीत ठेवा.
• खडपाजवळ फक्त जीपीएसवर विसंबू नका. खोली मोजा, दीपस्तंभ बघा.
• मोबाईलशी ताडून खात्री होत नाही. त्याचा सिग्नलही त्याच थरातून येतो.
• व्हीएचएफ सहसा चालतो. चॅनल १६ चालू ठेवा.

नवीन खलाशांना खुणांवरून बंदर ओळखायला शिकवा. सूर्य कितीही खवळला तरी डोंगर जागचा हलत नाही.