पाकोळीचे अंग आणि तिचे बिऱ्हाड

मळवली स्टेशनावर उतरून सायंकाळी भाजे किंवा कार्ले येथील लेण्यांकडे जाणाऱ्यास डोक्यावरून चिरचिर करीत घिरट्या घालणारे काळसर पक्ष्यांचे थवे दिसतात. ह्यांस पाकोळ्या म्हणतात. कित्येक गावी हेच नाव लहान वटवाघळांसही लावितात. येथे मात्र पक्ष्याचाच विचार करावयाचा आहे. राहण्याची जागा आणि अंगाची ठेवण ह्यांचा संबंध किती निकट असतो, हे ह्या पक्ष्यांवरून चांगले समजते.

प्रथम घरपाकोळी घ्या. हिची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असून कमरेवर पांढरा पट्टा असतो. लेणी, जुने वाडे, पूल व इमारतींच्या वळचणी येथे ती पिसे व गवत आपल्या लाळेने चिकटवून घरटे करिते. तिच्या पायाची चारही बोटे पुढे वळलेली असतात. म्हणून तिला तारेवर बसता येत नाही. परंतु खडबडीत भिंतीस ती आकड्याप्रमाणे लटकून राहते. तारेवर रांगेने बसते ती भिंगरी. ती दिसण्यात पाकोळीसारखी असली तरी तिचे कूळ निराळे; दोघीही उडता उडता किडे टिपतात, म्हणून त्यांचा आकार सारखा झाला आहे.

लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यांवर पांढऱ्या पोटाची मोठी पाकोळी दिसते. तिचे पसरलेले पंख सुमारे ५५ सेंटिमीटर भरतात. ह्याउलट रानात राहणारी, डोक्यावर तुरा असलेली वृक्षपाकोळी पाहा. तिचे एक बोट मागे असते, म्हणून ती फांदीवर खुशाल बसते. तिचे घरटे इतके लहान की त्यात एकच अंडे मावते.

आता मावळ सोडून कोकणात वेंगुर्ल्यास जाऊ. तेथे समुद्रातील खडकाळ बेटांच्या गुहांत गुहापाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी अवघा १२ सेंटिमीटरांचा, रंगाने साधा तपकिरी. जेर्डन ह्या विद्वानाने सन १८४० मध्ये ह्याचे शास्त्रीय वर्णन केले. गुहेच्या अंधारात तो कट् कट् असा आवाज काढितो व खडकावरून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखितो. वटवाघूळही असेच करिते. परंतु त्याचा आवाज बहुधा आपणांस ऐकू येत नाही, ह्याचा येतो. अंदमानात तर एक चकचकीत निळ्याकाळ्या रंगाची पाकोळी गुहेच्या तोंडाशी, उजेडात, घरटे करिते. तिला ही प्रतिध्वनीची विद्या नाही. तिची नातलग आत काळोखात राहते, तिला ती आहे. जागा पालटली तसा गुण पालटला.

हे कसे घडले? कोणा पक्ष्याने मनात आणून आपले अंग बदलिले असे नव्हे. ज्यांची ठेवण त्या जागेस सोयीची, त्यांची पिले अधिक जगली. आणि असंख्य पिढ्यांनंतर तोच विशेष सर्वांत दिसू लागला.

ह्यात एक धोकाही आहे. घरपाकोळीस लेणे मोडले तर पूल चालतो. गुहापाकोळीस गुहेवाचून दुसरे घर सहसा मिळत नाही. तिचे घरटे मुख्यत्वे लाळेने जोडलेले असते. अशी घरटी परदेशी रस्सा करण्यासाठी मोठ्या किमतीस विकतात. सन २००१ च्या सुमारास वेंगुर्ल्याच्या बेटांवर ती चोरली जात असल्याचे उघडकीस आले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. घरटे गेले की पक्ष्यास पुन्हा आपल्या अंगातील लाळ खर्चावी लागते, आणि अंडी-पिले जातात ती निराळीच.

आपणांस समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. भिंतीस चुना लावण्यापूर्वी वळचणीत पिले आहेत काय हे पाहावे, आणि असल्यास काम थोडे पुढे ढकलावे. जमिनीवर पडलेली पाकोळी दिसली तर ती लंगडी आहे असे लगेच समजू नये. आखूड पायांमुळे तिला सपाटीवरून उठणे जड जाते. तिला उघड्या तळहातावर उंच धरावे, फेकू नये. धडधाकट असल्यास ती स्वतःच झेप घेईल.

मुलांस विचारावयाचे प्रश्न : (१) तारेवर बसलेला पक्षी घरपाकोळी का नव्हे? (२) काळोखात राहणाऱ्या पाकोळीस कोणता विशेष गुण आहे? (३) आपल्या गावात पाकोळ्या कोठे घरटी करितात, ते पाहून सांगा.