सैरंध्रीच्या अरण्यातील सहल : भूगोलाच्या एका पाठाची आखणी

सदाहरित अरण्याचा पाठ वर्गात बहुधा तीन वाक्यांत संपतो : पाऊस पुष्कळ, झाडे उंच, रान घनदाट. मुले ही वाक्ये पाठ करितात, परीक्षेत लिहितात व विसरून जातात. ज्या विषयात कोणाचे काही पणाला लागलेले दिसत नाही, तो मुलांच्या मनात ठरत नाही. म्हणून हा पाठ एखाद्या खऱ्या अरण्याच्या सहलीच्या रूपाने घ्यावा. प्रत्यक्ष जाणे खेड्यातील शाळेस सहसा शक्य नसते. परंतु भारताचा नकाशा, फळा व शिक्षकाची वाणी एवढ्या साहित्यावर ही सहल वर्गातच घडविता येते. त्यासाठी केरळातील सायलेंट व्हॅली या राष्ट्रीय उद्यानाची निवड करावी.

प्रवास. एका विद्यार्थ्यास नकाशापाशी बोलवावे व सह्याद्रीच्या रांगेवरून त्याचे बोट दक्षिणेकडे फिरवावे. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक ओलांडून बोट निलगिरीपाशी येते. तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पालक्काड जिल्ह्यात, हे खोरे आहे. म्हणजे आपल्या घाटमाथ्याचेच हे दक्षिणेकडील भावंड होय. मण्णारक्काडहून घाट चढून प्रवासी मुक्काली येथे पोहोचतो. तेथून वनखात्याच्या परवानगीने जीपमधून सुमारे २३ किलोमीटर आत गेले की सैरंध्री हे ठिकाण लागते. तेथील मनोऱ्यावर चढले असता चहूंकडे झाडांचे शेंडेच शेंडे दिसतात. जमीन कोठेच दिसत नाही. तेथून पायवाटेने उतरले की कुंती नदी येते. पावसाळ्यात या वाटेवर जळवा पायाला लागतात, हेही मुलांस अवश्य सांगावे. असा बारकावा त्यांच्या चांगला ध्यानात राहतो.

नावे. सैरंध्री हे अज्ञातवासातील द्रौपदीचे नाव आणि नदी कुंतीची. पांडव येथे राहिले होते अशी तेथील लोककथा आहे. या रानात रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून त्यास ‘शांत दरी’ म्हटले, असे कोणी सांगतात. सैरंध्री या शब्दाचाच तो इंग्रजी अपभ्रंश असावा, असे दुसरे म्हणतात. येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे. लोककथा कोणती, तर्क कोणता व पाहून पडताळलेली गोष्ट कोणती, हे मुलांकडूनच वेगळे करून घ्यावे.

निरीक्षण. अरण्याची रचना समजण्यासाठी मुलांना ठाऊक असलेल्या वस्तूंपासून आरंभ करावा. फणस कोठे लागतो? खोडाला. सदाहरित रानातील कित्येक झाडे अशीच खोडाफांद्यांवर फुलतात व फळतात. कलेनिया हा तेथील एक उंच वृक्ष तशांपैकीच असून त्याचे फळ काटेरी असते. पुढे फळ्यावर चार मजल्यांचे घर काढावे. सर्वांत वर उंच वृक्षांचे छत, त्याखाली मध्यम झाडे, मग झुडपे आणि तळाशी पालापाचोळा. वरच्या मजल्यावर ऊन व वारा; तळाशी अंधार व ओल. प्रत्येक मजल्याचे रहिवासी निराळे.

वरच्या मजल्यावरचा प्रसिद्ध रहिवासी म्हणजे सिंहपुच्छ वानर. अंग काळे, चेहऱ्याभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीच्या टोकास गोंडा. हा प्राणी जगात केवळ सह्याद्रीच्या दक्षिण भागातच आढळतो. त्याचे बहुतेक आयुष्य झाडांवर जाते आणि कलेनियाची फुले व बिया हे त्याचे मोठे अन्न आहे. मधली झाडे तोडली तर त्याचा रस्ताच तुटतो. ‘रान तुटणे’ म्हणजे काय, हे या एका उदाहरणाने स्पष्ट होते.

कसोटीचा प्रसंग. सैरंध्रीपाशी कुंती नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याच्या योजनेस १९७३ साली नियोजन आयोगाने मान्यता दिली. खोऱ्यातील सुमारे ८३० हेक्टर भूमी पाण्याखाली जाणार होती. तेव्हा केरळात मोठा वाद झाला. कवयित्री सुगतकुमारी यांनी लेखणी उचलली. केरळ शास्त्र साहित्य परिषद या १९६२ साली स्थापन झालेल्या संस्थेने गावोगावी व्याख्याने दिली. या संस्थेत शिक्षकांचा भरणा मोठा होता. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक एम. के. प्रसाद हे या कार्यात अग्रभागी होते. ‘वीज नको’ असे त्यांनी म्हटले नाही. मलबारची विजेची गरज अन्य मार्गांनी कशी भागविता येईल, हे त्यांनी हिशेब करून मांडले. पुढे एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विचार केला, १९८३ साली योजना सोडून देण्यात आली आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी ८९.५२ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

वर्गातील चर्चा. येथे एखादा विद्यार्थी हमखास विचारील, “गुरुजी, माकडासाठी माणसांनी अंधारात बसायचे काय?” या मुलास गप्प बसवू नये. रात्री वीज जाते तेव्हा अभ्यास कसा अडतो, हे त्याने अनुभवलेले असते. त्याचा प्रश्न खरा आहे. आपल्या कोयनेच्या धरणाने महाराष्ट्रास वीज दिली, हेही खरे आहे. वर्गाचे दोन गट करावेत. एकाने धरणाची बाजू मांडावी, दुसऱ्याने अरण्याची. नंतर बाजू बदलाव्यात. वीज मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत, पण बुडालेले अरण्य पुन्हा लावता येत नाही, हा भेद मुलांनी स्वतः शोधावा. शिक्षकाने निर्णय आधी सांगून टाकू नये.

गावातील सहल. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात सायलेंट व्हॅली आहे, तसेच महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरीही आहेत. परंतु पाठाचा शेवट याहूनही जवळ व्हावा. गावाजवळ देवराई असेल तर मुलांस तेथे न्यावे. नसेल तर एखादे जुने वडाचे वा उंबराचे झाडही पुरे. अर्धा तास शांत बसवावे. मग ओंजळभर पालापाचोळा उचलून त्याखालची माती व उघड्या माळावरची माती दोन्ही हातांत देऊन ओल ताडून पाहावयास सांगावे.

स्वाध्याय.
१. उंबराच्या झाडावर एका दिवसात कोणकोण पक्षी व प्राणी आले, त्यांची यादी करा.
२. सिंहपुच्छ वानरास उंच झाडांचे सलग रान का लागते?
३. गावातील जुने झाड कोणी लावले वा राखले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. आपल्या गावातही कोणी तरी काही राखले म्हणून ते उरले, एवढे मुलांस उमगले म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.